थरथरणारा ब्रेक आणि ‘वाकलेली’ डिस्क

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात, कारंजा आणि मालेगावच्या दरम्यान, शेलूबाजार हे गाव आहे. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची एक जागा शेलूबाजारजवळ आली. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जुन्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरने जाणारी कार इथे वर चढली, की ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत जाऊ शकते.

वेग असा दुप्पट झाला, की गाडीतली एक जुनी खोड हटकून वर येते. साठच्या वेगाला ब्रेक लावताना काही जाणवत नाही, पण शंभराच्या पुढून ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते आणि पेडल पायाखाली धडधडते. गाडी गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री लगेच सांगतो, ‘‘डिस्क बेंड झालीय.’’ मग डिस्क लेथवर फिरवून कट मारून आणायची, नाहीतर नवी जोडी टाकायची. गाडी मऊ चालते, मालक खूश होतो. पाच-सहा हजार किलोमीटर झाले की थरथर पुन्हा हजर!

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. तरी ते देणाऱ्या मिस्त्रीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण ज्या काळात हे निदान रूढ झाले त्या काळात ते बरोबर होते. गाडी बदलली, ब्रेक बदलला, निदान मात्र तेच राहिले. हे कसे झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

घाट उतरताना बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दोरीने आवळून धरत. ब्रेकचे मूळ रूप एवढेच. फिरत्या वस्तूवर स्थिर वस्तू दाबायची आणि गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत घालवायची. मोटारीची सुरुवातही अशाच ठोकळ्यांनी झाली. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. साधारण शंभर किलोमीटरची ती मोटारीची पहिली लांबची सहल मानली जाते. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका गावात चांभाराकडून तिने त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनरचा जन्म इथला. पुढे इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने उतारावरून जाणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकला बांधलेले जुने बूट पाहिले आणि त्यावरून त्याला चांगल्या लायनरची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ साली त्याने या धंद्याला सुरुवात केली. त्याच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले.

फ्रूडने आणि त्याच्यानंतर साऱ्या जगाने लायनरसाठी अ‍ॅस्बेस्टॉस वापरले. ते जळत नाही, स्वस्त मिळते आणि पकड चांगली देते. त्याची किंमत कारखान्यांतल्या आणि गॅरेजमधल्या माणसांच्या फुप्फुसांनी मोजली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षे जपून ठेवाव्यात असा आदेश आहे. हा रोग किती उशिरा प्रकट होतो, ते या एका आकड्यावरून कळावे. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने फुंकून काढण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. ओल्या फडक्याने पुसणे केव्हाही चांगले.

ड्रमचा काळ

१९०२ या एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या कल्पना पुढे आल्या. फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारा एक डबा, त्याच्या आत दोन वाकड्या पट्ट्या म्हणजे ब्रेक शू, आणि पेडल दाबले की शू फाकून डब्याच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने त्याच वर्षी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, ही त्याची कल्पना. पण त्याने चिमटीला तांबे लावले होते. धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजे आणि किंचाळे. कल्पना चांगली असूनही मागे पडली, आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमने राज्य केले. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. बंद नळीतल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही वर्गात शिकवता, त्याचाच हा उपयोग. पण टोकाला ड्रमच होता.

आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्याही चारही चाकांना ड्रम घेऊनच रस्त्यावर आल्या. आपल्या मिस्त्रींच्या कित्येक पिढ्या याच गाड्यांवर शिकल्या. ड्रम हा एका बाजूने उघडा डबा असतो. तो तापला की पसरतो. लांब उतारानंतर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली, तर शू दोन बाजूंनी आतून रेटत राहतात आणि ड्रम निवताना किंचित लंबगोल होऊ शकतो. लंबगोल ड्रम एका फेरीत दोनदा शूला ढकलतो आणि पेडल धडधडते. इथे आकारच बिघडलेला असतो. लेथवर चढवून आतून पुन्हा गोल केला की दुखणे गेले. ‘आऊट झालाय, कट मार’ हे निदान आणि हा उपाय दोन्ही अचूक होते. मला वाटते, आजच्या ‘बेंड डिस्क’ची मुळे या अनुभवात आहेत.

ड्रमची मोठी अडचण वेगळीच होती. सतत ब्रेक लावले की ड्रम पसरून शूपासून दूर जाई, लायनर तापून पकड सोडी आणि पेडल खोल जाई. युद्धानंतर गाड्यांचे वेग वाढले तशी ही अडचण टोचू लागली. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या गाड्या उतरवल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी सरासरी ताशी १७० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ती शर्यत जिंकली. चिमटीत धरलेली चकती उघड्या वाऱ्यावर असते म्हणून लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडपासून दूर जात नाही, उलट जवळ येते. १९५५ च्या सिट्रोएन डीएस गाडीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या. भारतात १९८० च्या दशकात मारुतीच्या छोट्या गाड्या आल्या आणि पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी हळूहळू रुळली.

चकतीचे दुखणे

आता डिस्कचा एक बारकावा पाहा. ड्रमचे शू स्प्रिंगने मागे खेचलेले असतात, त्यांच्यात आणि ड्रममध्ये चांगली फट राहते. डिस्कच्या पॅडला असा जोरकस स्प्रिंग नसतो. पिस्टनभोवतीचे रबरी सील दाबाने थोडे पिळले जाते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला जरासे मागे घेते. ही माघार मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याची. म्हणजे ब्रेक लावलेला नसतानाही पॅड चकतीला जवळजवळ चिकटूनच असतात. यामुळे पेडल दाबताच ब्रेक लागतो, हा फायदा. तोटाही यातच आहे.

समजा, चकती हबवर अगदी किंचित तिरपी बसली आहे. सायकलच्या दुकानात ‘चाकाचा आऊट काढणे’ म्हणतात, तसा हा आऊट. तो ०.१ मिलिमीटर असला तरी पुरे. गाडी सरळ चालली असताना, ब्रेक न लावताच, चकतीचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत बाहेरच्या पॅडला हलकेच शिवून जातो आणि त्याच्या समोरचा भाग आतल्या पॅडला. छोट्या कारच्या चाकाची एक फेरी साधारण १.८ मीटरची असते. नागपूर ते आमणे एकदा गेलात तर चाकाच्या जवळपास ३ लाख ९० हजार फेऱ्या होतात, आणि महामार्गावर फारसा ब्रेक लावावाच लागत नसल्याने झीज सारखी करून घेण्याची संधीही मिळत नाही. नेमक्या त्याच दोन जागा घासल्या जातात आणि चकती तिथे पातळ होते. अशी काही हजार किलोमीटरची वाटचाल झाली की चकतीची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

फरक किती? पंधरा-वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा, इतकाही हाताला जाणवायला पुरतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. कॅलिपरची चिमटी तिरप्या चकतीबरोबर डावी-उजवीकडे सरकू शकते, म्हणून नुसता आऊट ब्रेक लावताना फारसा कळत नाही. पण जाड भाग चिमटीत आला की ती फाकावी लागते, तेलाचा दाब वाढतो, पकड वाढते. पातळ भाग आला की कमी होते. हाच धक्का तेलातून पायाला आणि चाकातून स्टिअरिंगला पोहोचतो.

जाडीत फरक पडण्याचा दुसरा मार्ग याच्या उलट आहे. बाउडन आणि टेबर यांच्या १९५० सालच्या ग्रंथाने घर्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दोन पृष्ठभाग वरून कितीही सपाट दिसले तरी मोजक्या उंचवट्यांवरच ते एकमेकांना खरे शिवतात, आणि तिथे एकाचा अंश दुसऱ्याला चिकटतो. ब्रेकच्या पॅडचाही पातळ थर चकतीवर चढतो आणि तो सारखा असेल तर चांगली पकड देतो. आता महामार्गावरून शेलूबाजारला खाली उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. १२० च्या वेगावरून एका दमात थांबून ती टोलनाक्याच्या रांगेत उभी राहते आणि चालकाचा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला असतो. तापलेले पॅड तापलेल्या चकतीच्या एकाच जागी चिकटून राहते आणि तिथे त्याचा ठसा उमटतो. मग प्रत्येक फेरीत हा ठसा पॅडखालून जातो आणि तिथली पकड इतर ठिकाणापेक्षा वेगळी असते.

अशी गाडी किती तापते याचा हिशेब मुलांना घालण्यासारखा आहे. १००० किलो वजनाच्या गाडीची १२० च्या वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ५५६ किलोज्यूल असते. एवढ्या ऊर्जेत २० अंशांचे दीड लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. पुढच्या प्रत्येक चकतीच्या वाट्याला यातला साधारण ३५ टक्के भाग आला आणि ती पाच किलो बिडाची असेल, तर एकदा थांबण्यातच तिचे तापमान ८५ अंशांनी चढते. ४० च्या वेगाला ही सगळी ऊर्जा याच्या एक नवमांश असते.

एक थरथर मात्र फक्त तापल्यावर येते आणि निवल्यावर नाहीशी होते. तिचा माग रेल्वेने आधी लावला. १९४८ साली पार्कर आणि मार्शल या इंग्रज अभियंत्यांनी रेल्वेच्या चाकांवर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्यांचे तापमान मोजताना पाहिले, की सगळा पृष्ठभाग सारखा तापत नाही, काही ठिपके लालबुंद होतात. असे का होते याचे गणित जे. आर. बार्बर यांनी १९६० च्या दशकात उलगडले आणि त्यांचा महत्त्वाचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. एखादी जागा किंचित उंच असली की तिच्यावर दाब जास्त पडतो, म्हणून ती जास्त तापते, तापून फुगते, फुगल्याने आणखी उंच होते आणि तिच्यावर आणखी दाब येतो. उष्णता वाहून जाण्याचा वेग याला आवर घालत असतो. घसरण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की आवर सुटतो. थरथर साठच्या वेगाला नसते आणि एकशेवीसला येते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण अनुनादाचे, आणि ते चालकाला बसल्या जागी तपासता येते. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला १५ फेऱ्या घेते, ६० ला ९. फेरीत एक धक्का धरला तर त्याची वारंवारता इतकी. पुढच्या चाकांच्या जोडणीची मागे-पुढे हलण्याची नैसर्गिक वारंवारता बऱ्याच गाड्यांत १० ते २० हर्ट्झच्या दरम्यान पडते. वेग उतरताना या दोन्ही वारंवारता जिथे जुळतात तिथे स्टिअरिंग सर्वांत जोरात हलते, आणि त्याखाली पुन्हा शांत होते. थरथरीची लय वेगाबरोबर मंदावत गेली तर दोष फिरणाऱ्या भागात आहे हे नक्की. पेडलमधली धडधड वेग कमी होऊनही मंदावली नाही आणि ती फक्त चाक घसरत असतानाच आली, तर ते एबीएसचे काम आहे, बिघाड नव्हे. १९७८ साली बॉशने मर्सिडीजमध्ये आणलेली ही यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीची आहे, आणि तिच्या धडधडीला घाबरून ब्रेक सोडून देणारे लोक आहेत.

पाय उचलला जाणे, हाच साध्या थरथरीतला मोठा धोका आहे. १२० च्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावून तिला थांबायला साधारण ८० मीटर लागतात, आणि दचकून एक सेकंद पाय उचलला तर त्यात या ३३ मीटरची भर पडते.

गॅरेजमधली तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, हे आता सांगता येईल. ब्रेक न लावताही थरथर असेल तर डिस्कला हात लावू नये. चाकांचे बॅलन्सिंग, टायर, बेअरिंग आणि चाकाचे नट पाहावेत. फक्त ब्रेकला असेल तर बॉल जॉइंट आणि बुश ढिले आहेत का ते पाहावे, कारण ढिली जोडणी लहानशा धक्क्याला मोठा करते. स्टिअरिंग हलते तेव्हा संशय पुढच्या चाकांवर, आणि आसन हलते तेव्हा मागच्यांवर. मागे ड्रम असतील तर जुने निदान आजही लागू पडते. मग चकती सगळ्या नटांनी सारखी आवळून डायल गेजने आऊट मोजावा आणि मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी. ही दोन साधने नसलेल्या गॅरेजमध्ये ‘बेंड’ हा शब्द निव्वळ अंदाज असतो.

नवी चकती टाकूनही दुखणे का परतते, ते हबकडे पाहिले की कळते. चकती हबच्या साधारण १२ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर बसते आणि तिचा स्वतःचा व्यास समजा २४ सेंटिमीटर आहे. हबच्या कडेला ०.०५ मिलिमीटर गंजाचा पापुद्रा राहिला तर चकतीच्या कडेला दुप्पट, म्हणजे ०.१ मिलिमीटर आऊट येतो. चकती कोरी, सरळ, महागडी, पण बसली तिरपी! पहिल्या ट्रायलला काहीच कळणार नाही, कारण जाडी अजून सारखी आहे. पातळ जागा तयार व्हायला काही हजार किलोमीटर लागतात. लेथवर कट मारलेल्या चकतीचेही हेच. म्हणून हब तारेच्या ब्रशने चकचकीत घासून घ्यावा, चकती बसवून आऊट मोजावा, जास्त निघाला तर चकती एक भोक पुढे फिरवून बसवून पाहावी. नट एकाआड एक, सारख्या जोराने आवळावेत. कट मारायचाच असेल तर चकतीवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाऊ नये. नव्या पॅडवर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलके हलके बरेच ब्रेक लावावेत, मध्ये निवू द्यावे आणि तापलेली गाडी पाय दाबून उभी करू नये, म्हणजे थर सारखा बसतो. चकती खरोखर वाकलेली कधीच नसते असे नाही, पण ती शक्यता शेवटी तपासायची.

शाळेत हे दाखवायला कार लागत नाही. रिमवर ब्रेक असलेली सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या रिमवर, ब्रेकचे रबर जिथे टेकते तिथे, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सेलोटेप चिकटवा. पेडल हाताने फिरवून चाकाला गती द्या आणि ब्रेक अगदी हलका दाबा. टेपचा एक पदर साधारण ०.०५ मिलिमीटरचा असतो. एकावर एक पदर वाढवत न्या आणि कितव्या पदराला ब्रेकच्या दांडीवरच्या बोटाला ठोका कळतो ते प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे नोंदवू द्या. मग टेप फक्त एका बाजूला लावून पाहा. शेवटी समोरासमोर दोन ठिकाणी टेप लावून दहा सेकंदांतले ठोके मोजले, तर चाकाच्या फेऱ्या आणि रिमचा वेग काढता येईल. टेप काढल्याशिवाय त्या सायकलवर कोणालाही बसू देऊ नका.